उपसर्ग : शब्दांचे वाटाडे

सोलापूर शहराच्या दक्षिणेस कांहीं कोसांवर भीमा आणि सीना या दोन नद्या एकमेकींस मिळतात. तेथें हत्तरसंग-कुडल नांवाचें गांव असून नदीकांठीं संगमेश्वराचें प्राचीन देवालय आहे. या देवालयांत शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा, एक कोरीव लेख आहे. सोलापूरचे लेखसंशोधक आनंद कुंभार यांनीं तो उजेडांत आणला, आणि मराठींतील ज्ञात कालोल्लेखयुक्त लेखांपैकीं अत्यंत जुना म्हणून विद्वानांनीं त्यास मान दिला. हें जो वाचील तो विजयी होईल, अशा आशयाचे शब्द त्यांत आहेत. सुमारें एक हजार वर्षांपूर्वीं दगडावर उमटलेला तो 'विजय' आजचें शाळकरी मूलहि ओळखतें.

या एका स्थळीं भाषेच्या अभ्यासकास एकाच अर्थाचे तीन शब्द भेटतात. 'कुडल' हा शब्द कानडी; 'कूडु' म्हणजे एकत्र मिळणें. 'संगम' हा संस्कृत. 'सम्' म्हणजे एकत्र आणि 'गम्' म्हणजे जाणें. इंग्रजी भूगोलाच्या पुस्तकांत अशा जागेस 'कॉन्फ्लुअन्स' म्हणतात. त्यांत लॅटिन 'कॉन्' म्हणजे एकत्र आणि 'फ्लुएरे' म्हणजे वाहणें. दृश्य एकच, परंतु तें सांगण्याची तऱ्हा दोन प्रकारची. संस्कृत व लॅटिन या भाषांनीं क्रियावाचक धातूच्या आधीं एक लहानसा अवयव ठेवून अर्थ साधला. कानडीनें तसें केलें नाहीं. कारण द्राविडी भाषांची मूळ रचना शब्दाच्या शेवटीं प्रत्यय जोडण्याची आहे, आरंभीं नव्हे.

सोलापुरासारख्या नगरांत, जेथें मराठीच्या शेजारीं तेलुगु, कानडी आणि उर्दू बोलणारीं घरें पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलीं, तेथें ही गोष्ट केवळ पंडितांच्या करमणुकीची राहत नाहीं. तेलुगुभाषी विणकराचें मूल मराठी शाळेंत गेलें म्हणजे त्याच्यापुढें संस्कृतांतून आलेले अवघड शब्द उभे राहतात. पुढें इंग्रजी शिकूं लागलें म्हणजे लॅटिनमधून आलेले त्याहून अवघड शब्द उभे राहतात. या दोन्ही चढणींवर हातीं धरण्याजोगी काठी एकच, ती म्हणजे उपसर्गाचें ज्ञान. ही काठी कोठून आली, ती किती भार पेलते आणि कोठें मोडते, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

प्रथम नांवाचाच विचार करूं. 'उपसर्ग' या शब्दांत 'उप' म्हणजे जवळ आणि 'सृज्' म्हणजे सोडणें हा धातु आहे. त्याच धातूपासून सर्ग, निसर्ग, विसर्ग, संसर्ग आणि उत्सर्ग हे शब्द झाले. जैन ग्रंथांत तपस्व्यावर कोसळणाऱ्या संकटास उपसर्ग म्हणतात, आणि रोगाच्या पीडेसहि मराठींत उपसर्ग म्हणण्याची चाल आहे. म्हणजे शब्द ओळखण्याचें जें साधन, त्याच्या नांवालाच दोन अगदीं भिन्न अर्थ आहेत. या विषयांत किती सावधपणें पाऊल टाकावें लागतें, याची ही पहिली सूचना समजावी.

संस्कृत वैयाकरणांनीं प्र, परा, अप, सम्, अनु, अव, निस्, निर्, दुस्, दुर्, वि, आ, नि, अधि, अपि, अति, सु, उद्, अभि, प्रति, परि, उप असे बावीस उपसर्ग मोजले. 'हृ' म्हणजे नेणें, हरण करणें, या एका धातूस निरनिराळे उपसर्ग लावून प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार हे शब्द होतात. तडाखा, जेवण, नाश, फेरफटका आणि निवारण अशा पांच वस्तु, ज्यांचा परस्परांशीं वरवर कांहींहि संबंध नाहीं, त्या एकाच मुळापासून निघालेल्या पाहून विद्यार्थ्यास नवल वाटतें.

हें नवल प्राचीनांनाहि वाटलें होतें. यास्काचार्यांच्या निरुक्तांत या प्रश्नावरील दोन मतें नोंदलेलीं आहेत. शाकटायनाचें म्हणणें असें कीं, उपसर्गास स्वतःचा अर्थ नाहीं. नामास वा क्रियापदास जोडला असतां त्यांचाच अर्थ तो प्रकट करितो. गार्ग्याचें म्हणणें उलट होतें. प्रत्येक उपसर्गास आपापले अर्थ आहेत आणि तेच शब्दाच्या अर्थांत पालट घडवितात, असें तो मानी. यास्कानें पुढें उपसर्गांचे अर्थहि सांगितले. 'आ' हा अलीकडे येण्याचा द्योतक, तर 'प्र' आणि 'परा' त्याच्या उलट दिशेचे. अडीच हजार वर्षांच्या सुमाराचा हा वाद अजूनहि जुना झालेला नाहीं. नवा शब्द समोर आला असतां त्याच्या उपसर्गावर किती विसंबावें, हा प्रश्न प्रत्येक वाचकापुढें नित्य नवा उभा राहतो.

आतां लॅटिनकडे वळूं. लॅटिन आणि भारतीय भाषा यांचें साम्य प्रथम ध्यानांत घेणाऱ्या युरोपियनांत एका इंग्रजाचें नांव येतें, आणि त्याचा मराठीशीं निकट संबंध आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पंथाचा धर्मोपदेशक १५७९ सालीं गोव्यास आला. १५८३ सालीं आपल्या भावास लिहिलेल्या पत्रांत त्यानें इकडील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्याशीं मिळती असल्याचें नमूद केलें. याच स्टीफन्सनें मराठींत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचिलें व तें १६१६ सालीं छापलें गेलें. त्यानें केलेलें कोंकणीचें व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० सालीं राचोल येथें प्रसिद्ध झालें. लॅटिनच्या शाळेंत वाढलेल्या माणसानें मराठीच्या ओवींत रमावें आणि दोहोंतील नातें ओळखावें, ही घटना लहान नव्हे.

तथापि स्टीफन्सचें तें निरीक्षण एका खाजगी पत्रापुरतेंच राहिलें. १७८६ सालीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटींत सर विल्यम जोन्स यांनीं संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एकाच मूळ भाषेच्या शाखा असाव्यात, असें जाहीर प्रतिपादन केलें. १८१६ सालीं जर्मन पंडित फ्रान्झ बॉप यांनीं क्रियापदांची तुलना करून त्या कल्पनेस शास्त्राचा पाया घातला. महाराष्ट्रांत हें शास्त्र रुजविण्याचें श्रेय डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांस जातें. १८७७ सालीं मुंबई विद्यापीठांत त्यांनीं दिलेलीं विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानें संस्कृतापासून प्राकृत व प्राकृतापासून आजच्या देशी भाषा कशा झाल्या, याचें सुसंगत विवेचन करितात.

या शास्त्रानें उपसर्गांविषयीं जें सिद्ध केलें तें थोडक्यांत असें आहे. संस्कृत 'प्र' आणि लॅटिन 'प्रो' हे सख्खे भाऊ होत. 'अप' आणि 'अब्', 'अन्तर्' आणि 'इंटर', 'उप' आणि 'सब्', 'उपरि' आणि 'सुपर' यांचेंहि मूळ एक आहे. नकार दाखविणारा आपला 'अ' किंवा 'अन्' आणि लॅटिनचा नकारार्थी 'इन्' एकाच घरचे. अर्धा या अर्थाचा संस्कृत 'सामि' शब्द फारसा प्रचारांत राहिला नाहीं, पण त्याचा भाऊ 'सेमी' इंग्रजींतून शाळाशाळांत पोंचला. ग्रीकमधील 'डिस्' म्हणजे आपला 'दुस्'. 'डिसेंट्री' हें रोगाचें नांव फोडून पाहिलें तर 'दुस्' आणि 'अन्त्र' असे दोन्ही अवयव संस्कृताचे नातलग निघतात. मराठींतील आंतडें त्याच 'अन्त्रा'चें. उलट 'सम्' आणि 'कॉन्' यांचें काम एक असलें तरी कूळ वेगळें आहे.

संधीचे नियमहि दोन्हीकडे सारखे चालतात. 'उद्' हा उपसर्ग उच्चार, उज्ज्वल, उन्नति, उल्लेख या शब्दांत पुढच्या वर्णाप्रमाणें रूप पालटतो. लॅटिनचा 'इन्' त्याचप्रमाणें 'इम्पॉसिबल', 'इल्लीगल', 'इर्रेग्युलर' या शब्दांत वेष बदलतो. ज्यास 'उल्लेखां'तील 'उद्' ओळखतां आला, त्यास 'इल्लीगल'मधील 'इन्' ओळखण्यास फार वेळ लागूं नये.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि १८५९ सालीं त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. तेव्हांपासून इंग्रजी शब्दसंग्रह हा मराठी विद्यार्थ्याच्या छातीवरचा धोंडा होऊन बसला. इंग्रजींतील अर्ध्याहून अधिक शब्द लॅटिनमधून थेट किंवा फ्रेंचमार्गे आलेले. १८६० सालीं सोलापुरास रेल्वे आली आणि तिच्यासवें तसलेच शब्द बाजारांत उतरले. 'पोर्टारे' म्हणजे वाहून नेणें या एका लॅटिन क्रियापदापासून इंपोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्स्पोर्ट, रिपोर्ट, सपोर्ट हे शब्द झाले. आंत, बाहेर, पलीकडे, परत आणि खालून, एवढ्या पांच दिशा ज्यास ठाऊक, त्यास हे पांच शब्द निरनिराळे पाठ करावे लागत नाहींत. मराठीनें यांपैकीं पहिल्या दोहोंस 'आयात' व 'निर्यात' असे प्रतिशब्द घेतले. 'या' म्हणजे जाणें हा धातु, 'आ' म्हणजे इकडे, 'निर्' म्हणजे बाहेर. लॅटिनची योजना आणि संस्कृतची योजना येथें तंतोतंत जुळली. सोलापूरची चादर परदेशीं गेली काय आणि 'निर्यात' झाली काय, व्यापाऱ्याच्या वहींत दोन्ही एकच.

समानार्थी शब्दांतील सूक्ष्म भेद कळण्यासहि हेंच साधन उपयोगी पडतें. 'ईक्ष्' म्हणजे पाहणें. निरीक्षण म्हणजे बारकाईनें पाहणें. परीक्षण म्हणजे सर्व बाजूंनीं पाहून पारख करणें. समीक्षण म्हणजे सर्व अंगें एकत्र घेऊन विचार करणें. पर्यवेक्षण म्हणजे भोंवतीं फिरून देखरेख ठेवणें. प्रतीक्षा म्हणजे येणाऱ्याकडे डोळे लावणें, तर अपेक्षा म्हणजे जें अद्याप हातीं नाहीं त्याकडे दृष्टि असणें. हे शब्द एकमेकांच्या जागीं बेधडक वापरणारा लेखक पाहण्याच्या अर्ध्या डझन तऱ्हा एकींत लोटून देतो.

लॅटिनमध्यें पाहणें या अर्थाचा 'स्पेक्' हा धातु आहे. आपल्या 'पश्य'चा व हेर या अर्थाच्या 'स्पश' शब्दाचा तो नातलग. त्यापासून इन्स्पेक्शन, प्रॉस्पेक्ट, एक्स्पेक्टेशन, रिस्पेक्ट, सस्पिशन हे शब्द झाले. आतां एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. 'सस्पिशन' या शब्दांत 'सब्' हा उपसर्ग आणि पाहण्याचा धातु. 'उपेक्षा' या शब्दांत 'उप' हा उपसर्ग आणि पाहण्याचा धातु. 'सब्' आणि 'उप' हे भाऊ आहेत, हें वर आलेंच. तेव्हां दोहोंचा अर्थ एकच असावयास हवा. पण लॅटिनमधून आलेल्या शब्दाचा अर्थ संशय, आणि संस्कृत शब्दाचा अर्थ दुर्लक्ष. एकानें खालून डोळे वर करून पाहिलें, तो संशयी ठरला. दुसऱ्यानें जवळचेंहि पाहूनसें केलें, तो बेपर्वा ठरला. घडण एक असून अर्थ दोन दिशांस गेले. उपसर्ग वाट दाखवितो. मुक्काम कोठें करावयाचा तें त्या त्या भाषेचे बोलणारे लोक ठरवितात. शाकटायन आणि गार्ग्य या दोघांच्या म्हणण्यांत तथ्य होतें, हें या एका जोडीवरून दिसून येतें.

मराठीस उपसर्ग केवळ संस्कृतानेंच दिले असें नाहीं. बहमनी व आदिलशाही अमदानींत सोलापूर, मंगळवेढें, पंढरपूर या मुलखाचा कारभार फारशींतून चाले, आणि त्या वाटेनें बे, ना, गैर, बद, कम, दर, सर, हर हे अवयव मराठीच्या घरांत कायमचे राहावयास आले. येथेंहि जुनी सोयरीक निघते. फारशी ही संस्कृताची जवळची नातलग असल्यामुळें 'ना' हा आपल्या 'न'चा सोबती होय. 'दुश्मन' या शब्दांतील पहिला अवयव 'दुर्मन' या संस्कृत शब्दांतील 'दुर्'च आहे. 'दरमहा' आणि 'दररोज' यांतील 'दर' हें 'अंदर' या शब्दाचें आंखूड रूप, आणि 'अंदर' म्हणजे आपलें 'अन्तर्' व लॅटिनचें 'इंटर'. सरकारी नोकराचें दरमहा वेतन आणि इंटर इयत्ता यांत एकच प्राचीन अवयव लपला आहे, हें ऐकून कित्येकांस गंमत वाटेल.

या फारशी अवयवांनीं मराठीच्या अर्थभेदाची शक्ति वाढविली. 'बेसमज' माणसास समज नसते. 'गैरसमज' झालेल्यास समज असते, पण ती चुकीची. 'बेनाम' म्हणजे ज्यास नांव नाहीं तो. 'बदनाम' म्हणजे ज्याचें नांव आहे पण वाईट आहे तो. 'नापसंत' म्हणजे मनास न आलेलें. 'नामंजूर' म्हणजे अधिकाऱ्यानें मान्यता नाकारलेलें. अर्जावर यांपैकीं कोणता शेरा पडला, यावर अर्जदाराची पुढची वाट अवलंबून राही. 'गैरसोय' आणि 'बिनचूक' या शब्दांत तर परका उपसर्ग व घरचा शब्द यांचा संसार इतका सुखाचा झाला कीं, त्यांत परकेपणा शोधूनहि सांपडत नाहीं.

हा ओघ आवरण्याचा पहिला मोठा राजकीय प्रयत्न शिवछत्रपतींच्या काळीं झाला. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पेशवा, मुजुमदार, सुरनीस, सरनौबत यांच्या जागीं प्रधान, अमात्य, सचिव, सेनापति हीं पदनामें आलीं. महाराजांच्या आज्ञेनें सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशांत सुमारें चौदाशें दरबारी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. 'प्रधान' शब्दांत 'प्र' आणि 'धा'. जो पुढें ठेवला तो प्रधान. उपसर्गाच्या साहाय्यानें राज्यकारभाराची भाषा घडवितां येते, हा धडा महाराष्ट्रास तेव्हां मिळाला.

याखेरीज मराठींत उपसर्गांचा आणखी एक थर आहे. तो डोळ्यांस दिसत नाहीं. प्राकृताच्या मुशींतून जातांना संस्कृत उपसर्ग झिजून शब्दांत विरघळले. याचा सुंदर दाखला सोलापुरांतच प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथाच्या नांवांत सांपडतो. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेनें १९४३ सालीं यतिवृषभ आचार्यांच्या 'तिलोयपण्णत्ती' या प्राकृत ग्रंथाचा पहिला भाग प्रकाशित केला. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये व हिरालाल जैन हे त्याचे संपादक. या नांवाचें संस्कृत रूप 'त्रिलोकप्रज्ञप्ति'. 'त्रि'चा 'ति' झाला आणि 'प्रज्ञप्तीं'तील 'प्र' नुसत्या 'प'वर आला.

अगदीं हीच झीज मराठी क्रियापदांत झालेली आहे. 'पसरणें' यांत 'प्र' आहे. 'ओसरणें' यांत 'अप' आहे. 'उतरणें' यांत 'उद्' आहे. 'आणणें' यांत 'आ' आहे. 'उपजणें' आणि 'निपजणें' हे दोन्ही 'पद्' धातूचे. पहिल्यांत 'उद्', दुसऱ्यांत 'निस्'. 'पारखणें' म्हणजे परीक्षा करणें आणि 'निरखणें' म्हणजे निरीक्षण करणें. 'पडसाद' व 'पडछाया' यांतील 'पड' म्हणजे 'प्रति'. 'बसणें' हा 'उपविश्' असल्याचें आज सांगितल्याशिवाय कोणास कळणार नाहीं, इतका त्यांतील 'उप' झिजला आहे. ज्या बाईनें आयुष्यांत संस्कृताचें पान उघडलें नाहीं ती रोज लुगडें 'नेसते', आणि त्या शब्दांत 'नि' हा उपसर्ग व परिधान करणें या अर्थाचा 'वस्' धातु आहे. लॅटिनचीहि गत हीच झाली. 'कॉस्ट' आणि 'कौंट' या इंग्रजी शब्दांत फ्रेंचच्या वाटेनें झिजलेला 'कॉन्' दडून बसला आहे. तेव्हां उपसर्ग ही केवळ विद्वानांची मिरास आहे, असें कोणी समजूं नये.

एवढें गुणवर्णन झाल्यावर काठी मोडते कोठें, तेंहि सांगितलें पाहिजे. कुडलच्या लेखांतील 'विजय' शब्द आणि इंग्रजी 'व्हिक्टरी' शेजारीं ठेवले तर ते भाऊच वाटतात. परंतु 'विजय' म्हणजे 'वि' हा उपसर्ग अधिक 'जि' धातु, आणि लॅटिन शब्दाचें मूळ जिंकणें या अर्थाचा 'विन्केरे' हा निराळाच धातु. तेथील 'वि' हा उपसर्गच नव्हे. फारशी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचेंहि तसेंच. अर्थ एक, ध्वनि जवळजवळ एक, आणि नातें कांहींच नाहीं.

खुद्द प्राचीनांनाहि अशी भूल पडली होती. 'विधवा' हा शब्द मुळांत अखंड आहे. लॅटिन 'विदुआ' व इंग्रजी 'विडो' हे त्याचे नातलग याची साक्ष देतात. परंतु लोकांनीं त्यांत 'वि' हा उपसर्ग कल्पिला आणि उरलेल्या 'धव' शब्दास पति असा अर्थ चिकटविला. 'असुर' शब्दांतील 'अ' नकारार्थी समजून त्याच्या उलट 'सुर' हा देववाचक शब्दहि असाच निर्माण झाला. चुकीच्या फोडणीनें कोशांत दोन नवे शब्द घातले, आणि ते टिकलेहि.

कांहीं चुका मात्र अशा निरुपद्रवी नसतात. 'इन्फ्लेमेबल' या इंग्रजी शब्दांतील 'इन्' नकारार्थी नसून आंत या अर्थाचा आहे. शब्दाचा अर्थ चटकन पेट घेणारें. कापसाच्या गांठी रचलेल्या गोदामांत एखाद्या पिंपावर हा शब्द असेल, आणि अर्धवट उपसर्गज्ञानाच्या जोरावर कोणी तो न पेटणारें असा वाचील, तर काय अनर्थ होईल हें सांगावयास नको. अमेरिकेंतील अग्निप्रतिबंधक संस्थांनीं १९२० नंतरच्या काळांत याच भयास्तव 'फ्लेमेबल' हा उघड शब्द वापरण्याचा आग्रह धरिला.

मराठींतहि याचा जोड आहे. 'परोक्ष' म्हणजे डोळ्यांआड, म्हणून 'अपरोक्ष' म्हणजे डोळ्यांसमोर, प्रत्यक्ष. वेदान्ताच्या ग्रंथांत तो याच अर्थानें येतो. परंतु व्यवहारांत 'माझ्या अपरोक्ष' म्हणजे माझ्या पाठीमागें, असा नेमका उलट अर्थ रूढ झाला. एखादा दस्तऐवज 'अपरोक्ष' झाला असें लिहिलें, तर संस्कृतज्ञ वाचक पक्षकार हजर होता असें समजेल, आणि गांवकरी तो हजर नव्हता असें समजेल. शब्द फोडून पाहणारा येथें नियमानें बरोबर असूनहि अर्थाला मुकतो.

विसाव्या शतकांत या साधनाचा सर्वांत मोठा उपयोग नवे शब्द घडविण्याकडे झाला. १९२४ सालापासून रत्नागिरीस स्थानबद्ध असलेल्या वि. दा. सावरकरांनीं भाषाशुद्धीची चळवळ चालविली आणि अनेक प्रतिशब्द सुचविले. 'महापौर', 'नगरपालिका' यांसारखे शब्द लोकांनीं उचलले. परंतु 'रिपोर्ट'करितां सुचविलेला 'प्रतिवृत्त' हा शब्द रचनेनें मूळ शब्दाशीं चांगला जुळत असूनहि मागें पडला, आणि अरबी वंशाचा 'अहवाल' टिकला. 'कायद्या'साठीं सुचविलेला 'निर्बंध' टिकला खरा, पण कायदा या अर्थीं नव्हे, तर बंधन किंवा मनाई या अर्थीं. शब्द घडविणाऱ्यानें त्यास एका गांवीं पाठविलें आणि लोकांनीं त्याची वस्ती दुसऱ्याच गांवीं करविली.

१ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य अस्तित्वांत आलें. त्याच वर्षीं भाषा संचालनालय स्थापन झालें, आणि १९६२ सालीं पदनाम कोश निघाला. उपायुक्त, अधीक्षक, पर्यवेक्षक, संचालक अशीं उपसर्गयुक्त पदें तेव्हां बोजड वाटलीं. टीकाकारांनीं त्या कोशास 'बदनाम कोश' म्हटलें. संस्कृत उपसर्गांची थट्टा करण्यास त्यांस फारशी उपसर्गच हातीं लागला, हें मराठीच्या स्वभावास धरून झालें. पुढें यांतील कितीतरी पदें सर्वांच्या तोंडीं बसलीं. तरी 'अपर' म्हणजे अतिरिक्त आणि 'अवर' म्हणजे खालचा, हा एका अक्षराचा भेद कचेरींत आलेल्या सामान्य माणसास आजहि चकवितो. जो शब्द ज्याच्यासाठीं केला, त्यास तो कळला नाहीं, तर रचनेची शुद्धता कोणाच्या उपयोगी पडणार?

या सर्व इतिहासाचें तात्पर्य फार साधें आहे. नवा शब्द भेटला म्हणजे आधीं तो फोडून पाहावा. उपसर्ग कोणता, धातु कोणता, याचा अंदाज बांधावा. मग तो शब्द ज्या वाक्यांत आला तें वाक्य पुन्हां वाचावें आणि अंदाज तेथें बसतो कीं नाहीं तें पाहावें. शेवटीं कोश उघडावा. यांतील पहिली पायरी गाळणारा आयुष्यभर घोकंपट्टी करीत राहतो, आणि शेवटच्या दोन गाळणारा 'इन्फ्लेमेबल' पिंपाशेजारीं निर्धास्त उभा राहतो.

भीमा आणि सीना कुडलपाशीं एक होतात. कानडी, संस्कृत, प्राकृत, फारशी आणि इंग्रजीच्या पोटांतून आलेली लॅटिन यांचे प्रवाह तसेच मराठींत मिळाले, आणि प्रत्येकानें आपल्याबरोबर शब्द बांधण्याची आपली रीत आणली. तेलुगु वा कानडी घरांतून आलेलें मूल जेव्हां शाळेंत 'संगम' शब्द फोडून त्यांतील 'सम्' ओळखतें, आणि पुढें एके दिवशीं 'संपत्ति', 'संचय', 'संतोष' या शब्दांत तोच 'सम्' आपला आपण शोधून काढतें, तेव्हां त्याच्या हातीं आलेली किल्ली एका भाषेची नसते. संगमेश्वराच्या लेखानें वाचणाऱ्यास विजयाचें आश्वासन दिलें आहे. तें अशा वाचणाऱ्यास लागू पडतें असें म्हणण्यास हरकत नाहीं.